व्हीएमएसचं ओपनव्हीएमएस झालं तेव्हा: वास्कोतल्या एका ऑफिसचं प्रकरण

१९९४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यात वास्कोतल्या एका खनिज निर्यातदार कंपनीच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागापुढे एक विचित्र पेच उभा राहिला. ऑफिसात व्हॅक्स संगणक होता. त्यावर व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम चालायची आणि जहाजभरणीचा अख्खा हिशेब तिच्यावर होता. देखभालीच्या कराराबरोबर नव्या आवृत्तीचा जो प्रस्ताव आला, त्यात सिस्टिमचं नाव होतं ‘ओपनव्हीएमएस व्हॅक्स, आवृत्ती ६.०’. आणि नेमकं त्याच सुमारास संचालकांनी ठरवलं होतं, की यापुढे संगणकावर होणारा खर्च फक्त ‘ओपन सिस्टिम’वरच, म्हणजे कुणा एका कंपनीच्या यंत्राला न बांधलेल्या, सामायिक मानकं पाळणाऱ्या यंत्रणेवरच होईल.

आता आपल्याकडचं यंत्र ओपन झालं की नाही? झालं असेल तर युनिक्स ही दुसरी, अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं नवं यंत्र घ्यायची गरज उरत नाही. नसेल झालं, तर हे नाव कशाचं?

मी त्या विभागात प्रोग्रामर होते. ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव बदलल्याने एका साध्या ऑफिसात काय काय हलतं, याची नोंद मराठीत कुठेतरी असावी असं मला फार वाटतं, म्हणून हे प्रकरण लिहून काढते आहे. आज शिकणाऱ्या मुलांना ‘ओपन’ म्हटलं की एकच अर्थ सुचतो, आणि त्या अर्थाने हे प्रकरण वाचलं तर सगळंच चुकीचं समजतं.

यंत्रावर चालणारं काम

डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या खाणींतून लोहखनिज ट्रकने नदीकाठच्या जेटींवर यायचं आणि तिथून बार्जमध्ये भरून मांडवी किंवा जुवारीतून मुरगाव बंदराकडे जायचं. पावसाळ्यात आग्वादच्या बाजूला मांडवीचं मुख वाळूच्या दांड्यामुळे धोक्याचं झालं, की बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या. प्रत्येक बार्जचं वजन, खनिजातलं लोह, ओलावा, सिलिका, अ‍ॅल्युमिना हे सगळं नोंदवायचं, आणि शेवटी जहाज किती कोरड्या टनांचं भरलं आणि कुठल्या दर्जाचं भरलं याचा कागद तयार करायचा.

सगळ्यात नाजूक हिशेब डिमरेजचा. जहाजाच्या कप्तानाने ‘नोटीस ऑफ रेडिनेस’, म्हणजे जहाज भरणीला तयार असल्याची सूचना, दिली की करारातल्या अटींप्रमाणे घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या वेळेपेक्षा भरणी लांबली तर निर्यातदाराने जहाजवाल्याला डिमरेज भरायचं. लवकर आटपली तर उलट पैसे मिळायचे, त्याला डिस्पॅच म्हणत आणि त्याचा दर बहुतेक करारांत डिमरेजच्या निम्मा असे. मधे पाऊस पडून भरणी थांबली तर तो वेळ वजा, करारात वगळलेल्या सुट्ट्या वजा. एकेका तासावरून बंदरातले एजंट आणि आमचे लोक तावातावाने भांडत.

हे काम व्हीएमएसवर सुरेख चालायचं, आणि त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. व्हीएमएस वेळ मोजते ती १७ नोव्हेंबर १८५८ च्या मध्यरात्रीपासून. खगोलशास्त्रज्ञ दिवस मोजायला जी एक पद्धत वापरतात तिचा आरंभ त्या दिवशी होतो आणि व्हीएमएस रचणाऱ्यांनी तोच धरला. तिथून पुढे शंभर-शंभर नॅनोसेकंदांचे टप्पे, चौसष्ट बिटांच्या एका आकड्यात. ‘इतके तास इतकी मिनिटं’ असा कालावधी साठवायचा असेल तर तोच आकडा ऋण धरायचा. म्हणजे अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंतचा वेळ काढायला सिस्टिमच्याच तयार सेवा हाताशी होत्या, आम्हाला महिन्यांचे दिवस आणि लीप वर्षं स्वतः सांभाळावी लागत नव्हती. आमचा डिमरेजचा, फोरट्रान भाषेतला प्रोग्राम या सेवांवर उभा होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी गोष्ट फाइलींच्या आवृत्त्यांची. व्हीएमएसमध्ये फाइल दुरुस्त केली की जुनी पुसली जात नाही. नावापुढे अर्धविराम आणि आकडा लागतो: एक, दोन, तीन. जुन्या नको असतील तेव्हा ‘पर्ज’ म्हणायचं. आमच्याकडे नोंदी भरणाऱ्या बाईंना या आवृत्त्यांचा इतका आधार वाटायचा, की दुसऱ्या कुठल्याही यंत्राबद्दल त्यांचा पहिला प्रश्न हाच असे, की तिथे कालची फाइल राहते का. युनिक्समध्ये ती अशी आपोआप राहत नाही.

मेनार्डमध्ये काय घडलं होतं

व्हीएमएस बनवणारी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, सगळेजण जिला ‘डेक’ म्हणत, ती केन ओल्सेन आणि हार्लन अँडरसन यांनी १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावात सुरू केली. २५ ऑक्टोबर १९७७ रोजी तिने व्हॅक्स-११/७८० हे बत्तीस बिटांचं यंत्र जाहीर केलं आणि त्याच्या जोडीला व्हॅक्स/व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम. यंत्र आणि सिस्टिम एकमेकांसाठीच घडवलेली. डेव्ह कटलर हे त्या कामातलं मोठं नाव. १९८८ मध्ये ते डेक सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथे त्यांनी विंडोज एनटी घडवलं.

ऐंशीच्या दशकात व्हॅक्स खूप चालला. विद्यापीठं, कारखाने, बँका, टेलिफोन कंपन्या, सगळीकडे. आपल्याकडे रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाची सुरुवात दिल्लीत ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर व्हॅक्सवरच झाली. पण त्याच दशकात युनिक्स वाढत गेलं, आणि खरेदी करणाऱ्यांना एक नवी सोय कळली. प्रोग्राम एका मापाने लिहिले तर यंत्र कुठल्या कंपनीचं आहे याने फारसं बिघडत नाही. उद्या दुसऱ्याचं स्वस्त आणि वेगवान निघालं तर तिकडे जाता येतं.

या मापालाच १९८८ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने मानकाचं रूप दिलं. त्याचं नाव पॉसिक्स. प्रोग्रामने फाइल कशी उघडायची, नवी प्रक्रिया, म्हणजे प्रोग्रामचं चालतं रूप, कशी सुरू करायची, संदेश कसा द्यायचा, या सगळ्याचे ठरलेले आकार. अमेरिकी सरकारने लगोलग त्यावर बेतलेलं खरेदीचं मानक काढलं, क्रमांक १५१. त्यामुळे पॉसिक्स पाळत नाही अशा सिस्टिमला तिथल्या मोठ्या सरकारी कामांचं दारच बंद होण्याची वेळ आली. हा दबाव किती खरा होता ते यावरून कळतं, की १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीच्या पहिल्या आवृत्तीतही पॉसिक्ससाठी वेगळा भाग मुद्दाम बसवलेला होता.

डेकची स्थिती या बाबतीत मोठी अवघड होती. युनिक्सचा जन्मच डेकच्या यंत्रावर झालेला, १९६९ मध्ये पीडीपी-७ वर. १९८४ पासून डेक स्वतःचं युनिक्स, अल्ट्रिक्स नावाने, विकतही होती. पण कंपनीचा जीव व्हीएमएसमध्ये होता आणि ओल्सेन युनिक्सवर उघड टीका करत. त्यात पैशाची बाजू कोसळली. १९९१ च्या आर्थिक वर्षात कंपनीने आपल्या इतिहासातला पहिला वार्षिक तोटा दाखवला, पुढच्या वर्षी तो सुमारे २८० कोटी डॉलरवर गेला. १९९२ मध्ये ओल्सेन पायउतार झाले आणि रॉबर्ट पामर आले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत डेकने अल्फा ही चौसष्ट बिटांची नवी प्रोसेसर-रचना जाहीर केली. आता व्हीएमएस व्हॅक्सबाहेर न्यावी लागणार होती. नावातला ‘व्हॅक्स/’ हा भाग कागदपत्रांतून १९८८ च्या आवृत्ती ५.० पासूनच गळू लागला होता, आता तर तो ठेवणं शक्यच नव्हतं. म्हणून नाव ठरलं ओपनव्हीएमएस. ते पहिल्यांदा लागलं नोव्हेंबर १९९२ मध्ये अल्फावरच्या आवृत्ती १.० ला, आणि जून १९९३ मध्ये व्हॅक्सवरच्या आवृत्ती ६.० ला. त्या आमच्या प्रस्तावात होतं ते हेच.

माझं स्पष्ट मत आहे, की या एका नावावर डेकने दोन वेगवेगळी ओझी घातली. एक, ही सिस्टिम आता पॉसिक्ससारखी खुली मानकं पाळते. दोन, ती आता एका यंत्राला बांधलेली नाही. दोन्ही गोष्टींत तथ्य होतं. पण दुसरी गोष्ट अल्फा विकत घेणाऱ्यालाच उपयोगाची होती, आणि पहिली अर्धीच पदरात पडत होती. पॉसिक्सचा पूर्ण आधार देणारं ‘पॉसिक्स फॉर ओपनव्हीएमएस’ हे १९९२ मध्ये आलेलं उत्पादन मूळ सिस्टिमचा भाग नव्हतं. ते वेगळं मागवायचं आणि त्याचा वेगळा परवाना घ्यायचा. नाव मात्र सगळ्यांच्याच सिस्टिमला लागलं, ते उत्पादन घेतलेल्यांच्या आणि न घेतलेल्यांच्याही.

ऑफिसात तीन तऱ्हा

आमचे हिशेबप्रमुख, ज्यांना सगळे भाई म्हणत, त्यांना नाव वाचून धास्तीच बसली. ते मला म्हणाले, “बाय, नाव बदललं म्हणजे आतलं बदललं असणार. ऐन सीझनमध्ये डिमरेजचा कागद निघाला नाही तर जबाबदार कोण?” नाव बदलणं म्हणजे माल बदलणं, हा त्यांचा व्यापारातला अनुभव होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

विभागात नुकताच आलेला एक तरुण सहकारी होता, युनिक्सवर शिकलेला. त्याच्या मते आता प्रश्नच मिटला होता. डिचोलीच्या बाजूला कंपनीची नमुने तपासायची प्रयोगशाळा होती, तिथे पीसीवर एससीओ युनिक्स चालायचं. तिथले सी भाषेतले प्रोग्राम उचलायचे आणि इथे चालवायचे, बस.

संचालकांच्या बाजूने विचारणा आली ती एका ओळीची: आपली सध्याची यंत्रणा ओपन आहे का, हो किंवा नाही कळवा.

मला राहून राहून वाटायचं, की ही ओळच चुकली आहे. ओपन कशासाठी, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. आमच्याकडे तीन निरनिराळ्या गरजा होत्या. प्रयोगशाळेचा प्रोग्राम इथे आणता यावा. प्रयोगशाळेचा डेटा हाताने पुन्हा टाइप न करता इथे यावा. आणि उद्या व्हॅक्स सोडायची वेळ आली तर आपल्या नोंदी घेऊन निघता यावं. या तिन्हीची उत्तरं सारखी असायचं कारण नव्हतं. मी भाईंना म्हटलं, पावसाळ्यात जहाजं कमी असतात, तेवढ्यात करून पाहू आणि मग लिहू. ते तयार झाले, एका अटीवर: चालू प्रोग्रामांना हात लावायचा नाही.

करून पाहिलं ते

नवी आवृत्ती चढवली. सगळ्यात आधी भाईंच्या धास्तीचं बघायला हवं होतं. आमचे जुने कोबोल आणि फोरट्रान प्रोग्राम, जसे होते तसे, पुन्हा कंपाइलही न करता चालवले. मागच्या सीझनमधल्या जहाजांचे आकडे घातले आणि जुन्या कागदांशी ताडून पाहिले. शेवटच्या दशांशापर्यंत तेच. प्रॉम्प्ट तोच, आज्ञा त्याच, टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारे एररचे संदेशसुद्धा तेच. जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चालला पाहिजे हा व्हीएमएस बनवणाऱ्यांचा कडक नेम होता आणि तो त्यांनी नाव बदलतानाही मोडला नाही. भाईंनी दोन कागद शेजारी ठेवून स्वतः रकाने तपासले आणि मगच सही केली.

मग प्रयोगशाळेचा प्रोग्राम. तो जहाजाच्या सगळ्या बार्जेसचा मिळून सरासरी दर्जा काढायचा. गणित सोपं आहे. समजा एका बार्जमध्ये १२०० टन माल आहे आणि ओलावा ८ टक्के, तर कोरडं वजन ११०४ टन. दुसरीत १००० टन आणि ओलावा १० टक्के, तर ९०० टन. जहाजाचं लोहाचं प्रमाण काढताना प्रत्येक बार्जच्या लोहाला तिच्या कोरड्या वजनाने गुणायचं, बेरीज करायची आणि एकूण कोरड्या वजनाने, इथे २००४ ने, भागायचं. सी भाषेतला हा हिशेबाचा भाग व्हॅक्सवर जवळजवळ जसाच्या तसा कंपाइल झाला. माझा सहकारी खूश.

अडलं ते फाइल वाचताना. युनिक्ससाठी फाइल म्हणजे बाइटांची एक सलग ओळ. कुठेही उडी मारा, वाचा, मागे या. व्हीएमएससाठी फाइल म्हणजे नोंदींचा संग्रह. आरएमएस नावाची तिची स्वतःची व्यवस्था आहे, आणि प्रत्येक नोंद किती लांबीची हे तिला ठाऊक असतं. हिशेबाच्या कामाला ही व्यवस्था फार चांगली. पण प्रयोगशाळेचा प्रोग्राम फाइलीत मधेच बाइट मोजून उडी मारायचा. कमीजास्त लांबीच्या नोंदी असलेल्या फाइलीत व्हीएमएसवरचं सी तसं करू देत नाही. आधी जी जागा विचारून ठेवलेली असेल, म्हणजे नोंदीची सुरुवात, तिथेच परत जाता येतं. त्यामुळे प्रोग्राम कुठेही न अडखळता चालायचा आणि चुकीची बार्ज वाचायचा. हे धोकादायक होतं, कारण आकडे दिसायला अगदी खरे वाटत. छापलेल्या यादीत बार्जची नावं आणि ओलावा यांची जोडी जुळत नाही हे नोंदी भरणाऱ्या बाईंच्याच आधी लक्षात आलं. त्यांना बार्जवाल्यांची आणि जेटींची चांगली माहिती होती, आणि अमुक जेटीचा माल इतका ओला येत नाही हे त्या बघताक्षणी सांगू शकत.

उपाय होता, आणि तो मूळ सिस्टिममध्येच होता. ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा वापरून ती फाइल स्ट्रीम-एलएफ या प्रकारात आणली, म्हणजे युनिक्ससारखी, ओळीच्या शेवटी एकच खूण असलेली. मग उड्या बरोबर बसल्या आणि आकडे जुळले.

तिसरा भाग मात्र हललाच नाही. प्रयोगशाळेचा प्रोग्राम मधेच स्वतःची एक प्रत काढून छपाईचं काम तिच्यावर सोपवायचा. युनिक्समध्ये याला फोर्क म्हणतात आणि पॉसिक्समध्ये ते सक्तीचं आहे. व्हीएमएसच्या नेहमीच्या सी लायब्ररीत खरा फोर्क नव्हता, त्याच्या जवळपास जाणारा मर्यादित प्रकार तेवढा होता. कारण व्हीएमएसमध्ये प्रक्रिया ही भारी वस्तू आहे, तिला स्वतःचे कोटे, अधिकार, हिशेब असतात, आणि उठसूट तिची प्रत काढायची असं कुणी योजलेलंच नव्हतं. खरा फोर्क हवा तर ते वेगळं पॉसिक्स उत्पादन घ्यायचं. त्याची किंमत आम्ही मागवली आणि एका छपाईच्या कामासाठी ती द्यायची नाही असं ठरवलं. तेवढा भाग मी काढून टाकला आणि छपाई व्हीएमएसच्या बॅच रांगेत, म्हणजे कामं एकामागून एक आपोआप उरकणाऱ्या रांगेत, सोडली. काम भागलं. पण प्रोग्राम आता दोन ठिकाणी दोन तऱ्हांचा झाला, हे मी अहवालात स्पष्ट लिहिलं.

डेटा आणण्याचा प्रश्न सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा ठरला. प्रयोगशाळेतून आकडे टेलिफोनच्या लाइनवरून मोडेमने यायचे, कर्मिट वापरून. कोलंबिया विद्यापीठात तयार झालेला हा फाइल-बदलीचा प्रोटोकॉल व्हीएमएसवरही होता आणि युनिक्सवरही, आणि त्याला कुणाच्या नावाशी काही देणंघेणं नव्हतं. पावसात लाइन खरखरायला लागली की कर्मिट तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागायचा आणि शेवटी नीट पोचवायचा. लाइन मेलीच तर मात्र कागद घेऊन माणूस यायचा आणि सगळं पुन्हा टाइप व्हायचं. यात नव्या आवृत्तीने काडीचाही फरक पडला नाही.

अहवालात काय लिहिलं

हो किंवा नाही लिहायला मी नकार दिला आणि भाईंनी पाठराखण केली. आम्ही कळवलं ते असं. जुनं सगळं काम सुरक्षित आहे. बाहेरचे सी प्रोग्राम गणितापुरते येतात, फाइलींचा प्रकार बदलला तर वाचनही जमतं, पण पॉसिक्स गृहीत धरून लिहिलेला कुठलाही प्रोग्राम न बदलता चालेल अशी खात्री वेगळं उत्पादन घेतल्याखेरीज देता येत नाही. नवं युनिक्स यंत्र घेतलं तर प्रयोगशाळेशी जुळणी सोपी होईल, मात्र डिमरेजचा प्रोग्राम पूर्ण नव्याने लिहावा लागेल. सिस्टिमच्या ज्या वेळ-सेवांवर तो उभा होता त्या पॉसिक्समध्ये नाहीत. तिथली वेळ १ जानेवारी १९७० पासून सेकंदांत मोजली जाते, कालावधीची रीत वेगळी, सगळंच वेगळं.

ही शेवटची बाब मला आजही महत्त्वाची वाटते. आम्हाला व्हॅक्सशी बांधून ठेवलं होतं ते डेकने लादलेल्या कुठल्याशा अटीने नव्हे. ज्या सोयी आम्हाला आवडल्या, ज्यांनी आमचं काम हलकं केलं, त्याच आम्ही भरभरून वापरल्या होत्या. मानक पाळणारा प्रोग्राम लिहायचा असेल तर अशा सोयी सोडाव्या लागतात, निदान एका कोपऱ्यात वेगळ्या ठेवाव्या लागतात. सिस्टिमने कितीही मानकं पाळली तरी ते काम प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच करावं लागतं.

संचालकांनी निर्णय घेतला: व्हॅक्स राहील, पॉसिक्सचं उत्पादन नको, युनिक्स यंत्राची खरेदी पुढे ढकलली. आणि आम्ही दोन नियम घातले. नवा प्रोग्राम शक्यतो प्रमाणित सी मध्ये लिहायचा आणि व्हीएमएसच्या खास सेवा लागल्याच तर त्या एकाच वेगळ्या फाइलीत ठेवायच्या. आणि प्रत्येक जहाज सुटलं की त्याच्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत, एका ओळीत एक बार्ज, अशाही उतरवून ठेवायच्या. दुसऱ्या नियमाला बराच विरोध झाला, कारण टेप लागायची आणि वेळ जायचा. नोंदी भरणाऱ्या बाईंनी तो नेटाने पाळला.

नाव योग्य होतं का

मला वाटतं, हेतू योग्य होता आणि वेळही चुकलेली नव्हती. १९९२ मध्ये ‘ओपन सिस्टिम’ हा शब्द नसलेला माल खरेदीच्या यादीतच येत नसे, आणि डेककडे दाखवायला खरं काम होतं. ते खोटं नाव नव्हतं. चूक झाली ती हे काम मूळ सिस्टिमच्या आत न घालता बाहेर विकण्याची. त्यामुळे आमच्यासारख्या छोट्या ऑफिसात नाव आधी पोचलं आणि माल पोचलाच नाही. शिवाय जी गोष्ट डेकने आम्हाला सगळ्यात जास्त सांगायला हवी होती, की तुमचं जुनं जसंच्या तसं चालेल, तिचा नव्या नावात मागमूसही नव्हता. उलट नव्या नावामुळे भाईंसारख्या माणसाला नेमकं उलटंच वाटलं.

पुढे डेकनेच नाही, तर तिच्या वारसांनीही हे काम हळूहळू आत आणलं. ते वेगळं पॉसिक्स उत्पादन मागे पडलं, त्याची जागा जीएनव्ही या खुल्या स्रोताच्या संचाने घेतली, तो २००२ पासून सिस्टिमच्या माध्यमांबरोबर येऊ लागला. पॉसिक्सची बरीच फंक्शनं सी लायब्ररीतच येत गेली. फाइलींची लांब आणि लहान-मोठ्या अक्षरांची नावं चालू देणारी रचना आवृत्ती ७.२ मध्ये आली. म्हणजे १९९२ मध्ये नावाने जे म्हटलं, त्याच्या जवळ सिस्टिम पोचायला दहा वर्षं लागली.

दरम्यान १९९८ च्या फेब्रुवारीत ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग पुढे आला आणि नावाभोवती नवाच गोंधळ सुरू झाला. आजची मुलं मला हमखास विचारतात, मॅडम, याचा सोर्स कुठून डाउनलोड करायचा. ओपनव्हीएमएसचा सोर्स खुला नाही आणि कधीच नव्हता. गंमत म्हणजे व्हीएमएसच्या काळात डेक सोर्सच्या याद्या मायक्रोफिशवर, म्हणजे बारीक अक्षरांत पानं उतरवलेल्या फिल्मच्या तुकड्यांवर, ग्राहकांना विकत असे, आणि तरबेज लोक त्या वाचून सिस्टिमच्या पोटात काय चाललंय ते समजून घेत. बदलायचा हक्क नव्हता, वाचायची सोय होती. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ती काही लहान गोष्ट नाही.

कंपन्या बदलत गेल्या. १९९८ मध्ये कॉम्पॅकने सुमारे ९६० कोटी डॉलरला डेक घेतली, २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीत गेली, २०१४ पासून व्हीएमएस सॉफ्टवेअर ही कंपनी ही सिस्टिम सांभाळते आणि २०२२ मध्ये तिने ती नेहमीच्या एक्स८६ यंत्रांवर आणली. व्हॅक्स, अल्फा, इटानियम, एक्स८६: चार यंत्रं झाली. यंत्राला बांधलेली नाही, हा नावातला दुसरा दावा असा पूर्णपणे खरा ठरला. रेल्वेची आरक्षणाची पाच केंद्रं १९९९ मध्ये एकमेकांना जोडली गेली ती याच सिस्टिमवर. मडगावच्या खिडकीवर तिकीट काढणाऱ्यांतल्या कितीजणांना तेव्हा हे नाव माहीत असेल, कोण जाणे.

आमच्या ऑफिसात व्हॅक्स शतक बदलायच्या आत बंद करायचं ठरलं. १९९४ च्या पावसाळ्यानंतरच्या सगळ्या जहाजांच्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींतून सरळ नव्या यंत्रावर गेल्या. त्याआधीच्या नोंदी आरएमएसच्या इंडेक्स फाइलींत होत्या, आकडे कोबोलच्या पॅक्ड डेसिमल रूपात, आणि नवं यंत्र ते वाचू शकत नव्हतं. त्या उतरवणारा प्रोग्राम व्हॅक्सवरच लिहावा लागला, आणि ते काम पुरं होईपर्यंत त्या एका कामासाठी त्याची खोली, एसी आणि देखभालीचा करार चालू ठेवावा लागला.